उर्वशीची रांजणवाडी

शाळेत खिचडी शिजवायला लागून मला अकरा वर्षं झाली. वाढताना मुलं मान वर करून बघतात, म्हणून मला त्यांच्या ताटांपेक्षा त्यांचे डोळेच जास्त ठाऊक. दुसरीतल्या उर्वशीच्या पापणीवरचा फोड मला सकाळी फाटकातच दिसला. केसाच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा, लाल. डोळ्याचा पांढरा भाग मात्र स्वच्छ होता. पाणी नाही, चिपडं नाहीत.

सर वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "डोळे आलेत तिचे. सगळ्यांना होतील. घरी पाठवा."

"रांजणवाडी हाय सर. जवळून पाहा ना. डोळे आले असते तं अख्खा डोळा लाल दिसला असता."

"विमलताई, तुम्ही डाळ पाहा."

मी डाळ पाहिली. डाळीचा काही दोष नव्हता, पण त्या दिवशी ती जरा जास्तच घोटली गेली. पोरगी दप्तर घेऊन निघून गेली होती. तिची आई कापूस वेचायला गेलेली, घरी आजी कांताबाई. आणि कांताबाईला फोड दिसला की सुई आठवते. हे ध्यानात आलं तशी मी पळी माझ्या जोडीला शिजवणाऱ्या बेबीताईच्या हातात दिली आणि निघाले.

अंगणात उर्वशी आजीच्या गुडघ्यांत धरलेली. कांताबाई चुलीवर सुई तापवत होती.

"मावशी, सुई खाली ठेव."

"काहून? पिकली हाय. एक टोचा, की मोकळी."

"पापणी हाय ते. पायातला काटा नाही."

"तू कवापासून डाक्टरीण झाली वं?"

"तू सुई घेतली तवापासून."

उर्वशीला हसू आलं, मग पापणी दुखली म्हणून रडू आलं.

"माह्या राजदीपची अशीच फोडलती म्या," कांताबाई म्हणाली. "मेला का तो?"

राजदीप, उर्वशीचा बाप, तिथंच फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. सगळं ऐकत होता आणि पंपाचा नट पिळत होता. माझं डोकंच फिरलं.

"राजदीप, इकडं ये. पोरीजवळ बस."

"मले कायले मंधात घेता ताई?"

"बस म्हणते ना."

तो बसला. त्याच्या डाव्या पापणीची कड लहानपणापासून आत वळलेली, मध्ये खाच. "पाहा मावशी," मी म्हटलं, "मेला नाही, पण हे पाहा." असं त्याच्यासमोर बोलायला नको होतं. पण बोलले.

राजदीपनं हातातला पाना खाली ठेवला. "माय, ठेव ते सुई," तो म्हणाला. "मले आजही केस टोचते डोळ्यात."

तीस वर्षांत हे त्यानं आईला कधी सांगितलं नव्हतं.

मी पाणी उकळून कोमट होऊ दिलं, हात धुतले, धुतलेलं फडकं बुडवलं. रागात होते, म्हणून राजदीपला दरडावूनच सांगितलं, "दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं शेक. दाबायचं नाही, काजळ नाही, लवंग नाही. आपोआप फुटंल, नाहीतर जिरंल. सूज गालावर उतरली, डोळा उघडंना, नाहीतर ताप आला, तं त्याच दिवशी घाटंजीले दवाखान्यात."

"तवा मले कोनी सांगतलं?" कांताबाई पाठमोरीच म्हणाली.

राग होता, पण तो टाकायला जागा उरली नव्हती. मी फडकं पिळलं.

"सरक," ती म्हणाली. "तुह्या बोलन्यानं पोरगी भेते."

तिनं माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं, मनगटाला लावून पाहिलं आणि उर्वशीच्या मिटल्या डोळ्यावर ठेवलं.