तिसरं कडवं

"बिस्मिल्ला. एक, दोन, तीन. हुसैनमियाँ बोलतोय. माबेला."

टेपरेकॉर्डरमधून स्वतःचाच आवाज आला आणि हुसैनमियाँचा पाना धरलेला हात हवेतच राहिला. या जागी एका फ्रेंच मुलीचा आवाज यायला हवा होता. त्याऐवजी त्यांचा आवाज आला, मग शांतता आली. शांतता तरी कसली, मस्कतजवळच्या माबेल्यातल्या गल्लीची: एक हॉर्न, समोरच्या चहावाल्याला कुणीतरी दिलेली "दो करक" अशी ऑर्डर, त्यांचा स्वतःचा खाकरा. मग मध्येच कुठूनतरी अकॉर्डियन सुरू झाला, मुलीने शेवटचं धृपद म्हटलं आणि फीत संपून रीळ फटफटत फिरू लागलं.

त्यांनी रीळ मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. मग घड्याळ लावून तिसऱ्यांदा ऐकलं. चाळीस सेकंद. गाण्याचं तिसरं कडवं अख्खं पुसलं गेलं होतं.

"या अल्ला," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. लगेच उठले. दुकानाच्या दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तीन पावलांच्या दुकानात माणूस येरझारा तरी किती घालणार!

चूक कशी झाली हे कुणाला समजावून सांगण्यासारखं नव्हतं. रत्नागिरीला ज्या उस्तादांकडे ते काम शिकले, त्यांचा दंडक होता: दुरुस्त केलेल्या मशीनवर आपला आवाज भरून ऐकल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. आवाज भरायचा, नंतर अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि ती गप्प फीत ऐकायची, कारण मशीनची खरखर तिथेच पकडली जाते. ओमानला आल्यापासून एकेचाळीस वर्षं त्यांनी तसंच केलं. त्यासाठी लाल चिठ्ठीचं वेगळं रीळ खणात कायम तयार असे. पण आज गाणं ऐकता ऐकता दुसरं कडवं संपलं आणि असरची अजान झाली. त्यांनी मशीन तिथेच थांबवली, नमाज पढून आले, डोक्यात गाणं घोळतच होतं, आणि हाताने, रीळ न बदलताच, आपलं रोजचं काम केलं. त्या जुन्या मशीनवर रेकॉर्डिंगसाठी दोन बटणं एकदम दाबावी लागत. म्हणजे चुकून धक्का लागला, असं म्हणायचीही सोय नव्हती.

मशीन होती डोंगरापलीकडच्या अल अमेरातच्या मादाम सोलांज यांची. वय अठ्ठ्याऐंशी. झांझिबारहून पॅरिसला शिकायला गेलेल्या एका ओमानी डॉक्टरांशी लग्न करून त्या मस्कतला आल्या, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. नवरा गेला. आता मुलगा, डॉक्टर सालिम, याच्या घरी त्या राहत. कोठारात हा टेपरेकॉर्डर आणि एकच रीळ सापडलं तेव्हा मुलाने गावभर विचारलं, आणि सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. कारण मस्कतात टेप दुरुस्त करणारा दुसरा कुणी उरलाच नव्हता. हुसैनमियाँही फार दिवस उरणार नव्हते. दुकानाच्या जागेत अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, मोबाइलचं दुकान काढायचं होतं आणि पंधरा दिवसांनी हुसैनमियाँ आणि त्यांची बायको कायमची गावी निघाली होती. हे शेवटचं काम होतं.

मशीन आणायला ते गेले तेव्हा मादामने त्यांना तासभर बसवून घेतलं. मुत्र्याच्या बाजारात गुजराती दुकानदारांकडून शिकलेली त्यांची हिंदी. ती बोलता बोलता अरबीत घसरे आणि फ्रेंचमध्ये जाऊन आपटे. पण सांगायचं ते त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या पॅरिसच्या नाट्यगृहांतून गात. मोठी गायिका नाही हं. जाहिरातीवर मोठ्या गायिकेचं नाव हातभर अक्षरांत, आणि मादामचं अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर.

"लोग कुर्सी ढूँढता है, तब मैं गाता है," त्या म्हणाल्या होत्या. "कोट उतारता है, बात करता है, तब मैं. बाद में बड़ा औरत आता है, तब सब चुप."

तेव्हाची ती गाणी म्हणजे छोट्या गोष्टीच असत. पहिल्या कडव्यात एक मुलगा-मुलगी भेटायची, दुसऱ्यात सुखात असायची आणि तिसऱ्यात जे व्हायचं ते व्हायचं. काळा झगा, हात खाली सोडलेले आणि तिसरं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायचं. सगळं गाणं त्याच्यासाठीच असे. मादामसाठी त्यांच्या अकॉर्डियनवाल्याने एक गाणं बांधलं होतं. ते कधी छापलं गेलं नाही, त्याची तबकडी निघाली नाही. एकदा कुणाच्या तरी खोलीत या रिळावर भरलं, तेवढंच. पुढे अमेरिकेकडून गिटारवाली पोरं आली, अकॉर्डियन अडगळीत गेला आणि मादामही लग्न करून मोकळ्या झाल्या.

"मैं अपना आवाज सुना नहीं," त्या म्हणाल्या होत्या. "साठ साल. ज्यादा."

हे सगळं हुसैनमियाँना आता शब्द न् शब्द आठवत होतं.

घरी बायकोने, खैरुन्निसाने, ताट वाढलं. भाकरीचा तुकडा मोडून ते नुसतेच बसले.

"आवो, काय झाला? जेवलाव पन नाय."

त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "कापून जोडा. टेप जोडायला तुमच्यासारका हात कोनाचा हाय?"

"जोडीन. कुनाला कळनारसुद्धा नाय."

"मग?"

"मग काय मग! मला कळतंय ना!"

"तुमाला तर रोजच कायतरी कळता," ती म्हणाली. मग जरा नरम येऊन बोलली, "म्हातारी बाय हाय. ऐकून जीवाला लावून घेईल. दोन कडवी काय कमी हायत? पंध्रा दिवस ऱ्हायलंत, नाव राखून घरी चला."

तिचं बोलणं काही वाईट नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फीत दोनदा ओट्यावर पसरली. पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या. इथून इथपर्यंत आठ मीटर. ब्लेड हातात घेतलं, ठेवलं. दुसऱ्या कडव्यानंतरचा अकॉर्डियन आणि शेवटच्या धृपदाआधीचा अकॉर्डियन असे जुळत होते, की सांधा मारला तर खुद्द उस्तादांनीही शाबासकी दिली असती. त्यांनी खुणा पुसून टाकल्या. एक चार्जर घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी विनाकारण झापलं. रात्री कूस बदलून बदलून त्यांनी खैरुन्निसालाही झोपू दिलं नाही. सकाळी डॉक्टर सालिमचा फोन आला. शुक्रवारी जुम्म्यानंतर घेऊन या, सगळं घर जमणार आहे, मादाम दोन दिवस काय घालावं म्हणून कपाटापुढे उभ्या आहेत.

"मशीन खलास?" त्याने विचारलं. म्हणजे, काम झालं का.

"मशीन ओके," हुसैनमियाँ म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शुक्रवारी मशीन मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ते निघाले. बौशरच्या बाजूने डोंगर चढून अमेरातला उतरणाऱ्या रस्त्यावर एरवी ते सावकाश जात. आज त्यांना गाडी हळू चालवताही येईना आणि जोरातही. डॉक्टरला आधी सांगावं, की थेट मादामला? की गाणं लावून खाली मान घालून उभं राहावं? उतारावर ब्रेक दाबताना मागून रीळ खडखडलं आणि त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. खिशात ब्लेड आणि चिकटपट्टी होतीच. ती आपण कशाला घेतली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पंचवीसेक माणसं बसली होती. खजूर, कावा, हलव्याची थाळी. पण मादाम आतल्या खोलीत होत्या. काळा झगा, ओठांना लाली.

"पहले मैं और हुसैन," त्या मुलाला म्हणाल्या. "पब्लिक बाद में. थिएटर में ऐसा होता है."

दार लागलं. हुसैनमियाँनी मशीन टेबलावर ठेवली, वायर जोडली आणि हात मागे घेतला.

"मादाम, एक बात बोलना है."

"गाना पहले."

"नहीं मादाम. बात पहले." आवाज एवढा मोठा आला की ते स्वतःच दचकले. मग त्यांनी सगळं सांगितलं. अजान, उस्ताद, दोन बटणं, चाळीस सेकंद. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर ते उभेच राहिले.

मादामने मशीनकडे पाहिलं. त्यांनी बोटाने खूण केली: लाव.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं. वीस वर्षांच्या पोरीचा आवाज खोलीत फिरू लागला, थोडा नाकातला, घाईतला, खुर्च्या शोधणाऱ्या लोकांना हाका मारल्यासारखा. मादामच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस हुसैनमियाँना झालं नाही. दुसरं कडवं. अकॉर्डियन. आणि मग, "बिस्मिल्ला. एक, दोन, तीन. हुसैनमियाँ बोलतोय. माबेला."

मग हॉर्न, करक आणि खाकरा. चाळीस सेकंद इतके लांब असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटचं धृपद झालं आणि मादामने मशीन बंद केली. त्यांचे ओठ हलत होते. एक ओळ त्यांनी हलक्या आवाजात म्हटली, दुसरीचा पहिला शब्द म्हटला आणि थांबल्या. पुन्हा पहिल्या ओळीपासून. पुन्हा तिथेच थांबल्या.

"मालूम नहीं," त्या म्हणाल्या. "वो इसमें था. मेरे पास नहीं था. इसलिए मशीन ठीक कराया."

आतापर्यंत हुसैनमियाँना वाटत होतं, गाण्याचा आवाज गेला, गाणं तरी मादामकडे आहे. आता कळलं की जगात कुठेच नाही. ज्याने बांधलं तो कधीच मेला, आणि जे उरलं होतं ते माबेल्यात एका भल्या माणसाने दोन बटणं दाबून पुसून टाकलं.

"माफ करना," ते म्हणाले. "मादाम, मैं बाहर जाकर सबको बोलता हूँ. डॉक्टर साब को बोलता हूँ."

"मैं गुस्सा है," मादाम म्हणाल्या. डोळे कोरडे, आवाज खरखरीत. "बहुत गुस्सा है. लेकिन गुस्सा बाद में. बाहर पब्लिक है. तुम्हारे पास कैंची है?"

"ब्लेड है."

"काटो."

"मादाम—"

"पब्लिक को छेद नहीं दिखाना. कभी नहीं." त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि काम बघत बसल्या. "काटो, हुसैन. यल्ला."

त्यांनी कापलं. जे करायचं नाही म्हणून तीन दिवस तडफडत होते, तेच त्यांनी मादामच्या नजरेसमोर, त्यांच्याच हुकमाने केलं. हात थरथरतील असं वाटलं होतं, पण हात अजिबात थरथरले नाहीत, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. तिरपा काप, पट्टी, नखाने घासून बसवलेला सांधा. आठ मीटर फीत टेबलाखाली पडली. मादामने ती गोळा केली, गुंडाळी केली आणि पर्समध्ये टाकली. ती त्यांनी का ठेवली, हे विचारण्याचा हुसैनमियाँना हक्क नव्हता.

मजलिसमध्ये मशीन मधोमध ठेवली. मादाम तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, हात खाली सोडून. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. डॉक्टर सालिमने मोबाइल वर धरला. लोक खजूर चघळत होते, कुणी बोलत होतं, एक पोर गादीवरून घसरत होतं. हुसैनमियाँनी मशीनशेजारी खाली बसून बटण दाबलं.

पहिल्या कडव्याला बोलणं चालूच होतं. दुसऱ्याला हळूहळू सगळे गप्प झाले. सांधा आला आणि गेला. अकॉर्डियनला अकॉर्डियन मिळाला, आणि त्या क्षणी खोलीत फक्त दोन माणसांनी श्वास रोखला. शेवटचं धृपद, शेवटचा सूर.

टाळ्या पडल्या. सुना रडत होत्या, डॉक्टर सालिम तर लहान मुलासारखा हुंदके देत होता. "मामान, इतकं छोटं गाणं?" त्याने अरबीत विचारलं.

"दो ही है," मादाम हिंदीत म्हणाल्या, हुसैनमियाँना कळावं म्हणून. "दो कडी का गाना."

हुसैनमियाँचं तोंड उघडलं. खरं बोलायला आलेला माणूस, आता बोलला तर म्हाताऱ्या बाईला तिच्या घरात, तिच्या माणसांसमोर खोटं पाडणार होता. त्यांनी तोंड मिटलं. टाळ्या थांबत नव्हत्या.

मादामने छातीवर हात ठेवून मान लववली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग सरळ उभं राहून त्यांनी उजवा हात लांब केला, तळवा उघडा ठेवून, मशीनशेजारच्या माणसाकडे. गाणं संपल्यावर गायिका साथीदाराकडे करते तसा. सगळं घर हुसैनमियाँकडे वळून टाळ्या वाजवू लागलं.

त्यांनी मान लववली नाही. मादामचा हात तसाच लांब होता आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो हात आता कापायला लागला होता. तेव्हा तो खाली यावा म्हणून ते उठून उभे राहिले.