जवसाचा दोरा

तपासणीचे साहेब छिंदवाड्याच्या बसने येणार होते आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. पोळी करपली, दूध उतू गेलं. आज आमच्या मास्तरांचा तास बघून साहेब शेरा लिहिणार, त्यावर यांची नोकरी पक्की व्हायची की सुटायची ते ठरणार. सौसरच्या शाळेत हे इतकी वर्षं इंग्रजी शिकवतात, पण नोकरी अजून कच्चीच.

कारण एकच. यांना एखादा शब्द सापडला की धडा राहतो बाजूला. या खेपेला 'लाइन' सापडला. पोरांना अर्थ गोळा करायला लावले. आपल्या गावची रेल्वेची छोटी लाइन, पांढुर्ण्याची मोठी लाइन, राशनची लाइन, वीज जाते ती लाइन, कवितेची, तळहातावरची. एवढ्यावर भागलं असतं तर मी बोलले नसते. पण हा शब्द मुळात जवसातून आला म्हणे. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत, त्याच्या काडाचा दोरा काढत, आणि असा दोरा ताणून धरला की ती लाइन. झालं. माझ्या माहेराहून, बोरगावहून, जवसाची वाळकी काडं आली आणि धागे सुटावेत म्हणून माझ्या घंगाळात कुजत पडली. घरभर असा वास की शेजारच्या शकुबाईने यायचं सोडलं. निघालेले धागे वळायला शेवटी मीच बसले, नाहीतर घंगाळ सुटलं नसतं.

वर्गाला दोरा दाखवायचा दिवस आणि साहेबांचा दिवस नेमका एकच आला. परीक्षा तोंडावर, धडा अजून तिसरा. मी शपथच घातली. वाचा, अर्थ सांगा, प्रश्नोत्तरं लिहून द्या, शब्दाच्या मागे लागायचं नाही. यांनी निमूट मान हलवली. तरी दोरा यांच्या खिशात निघाला, तो मी काढून घेतला.

घर खायला उठलं, तेव्हा डब्याचं निमित्त करून शाळेत गेले आणि वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले. साहेब मागच्या बाकावर एकटेच बसले होते. हे अगदी शहाण्यासारखं शिकवत होते. धड्यात 'लाइन' आला. 'लाइन म्हणजे रूळ,' म्हणाले आणि पुढे गेले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरच्या कुसुमने हात वर केला, यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

साहेबांनी जांभई आवरत विचारलं, या शब्दाचा आणखी काही अर्थ, तो आला कुठून वगैरे?

यांना मी खिडकीत दिसले.

"नाही साहेब. एवढाच."

कुसुमने हात खाली घेतला. मला हवं होतं तेच झालं होतं. हा माणूस वेंधळा आहे, हट्टी आहे, पण खोटं बोललेला मी कधी पाहिला नव्हता. तेही शब्दाबद्दल, पोरांसमोर. माझ्या शपथेपायी. मी कनवटीचा दोरा काढला आणि गजातून आत हात घातला.

"अहो, हा तुमचा दोरा घरीच राहून गेल्ता."

हे खिडकीशी आले. आवाज अगदी दबका होता.

"ऊर्मिला, नोकरी जाईन."

"जाऊ द्या. पोरं वाट पाहून राह्यले."

यांनी दोरा घेतला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग मला विसरूनच गेले, नेहमीसारखे. एक टोक कुसुमच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन दोरा उलगडत थेट मागच्या भिंतीपर्यंत गेले. तिथे धरायला साहेबच होते.

"धरा साहेब," हे म्हणाले. "जरा ताणून. ढिला सोडला तर पोरांना लाइन दिसायची नाही."

साहेबांनी हातातलं पेन बाकावर ठेवलं आणि दोरा धरला.