बसत्या बाईंचे बुटके स्टूल

मी एक जुने, बुटके, लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, बुटके म्हणवून घ्यायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही, कारण त्या बुटकेपणानेच मला आयुष्यभराचे काम मिळवून दिले.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या सुतारखान्यात झाला. सुताराने एका मोडक्या दाराच्या फळीतून मला घडवले. माझा एक पाय आखूड झाला म्हणून त्याने दुसरा कापला, मग तिसरा, मग चौथा, आणि पुन्हा पहिला. शेवटी मी जेमतेम गुडघ्याएवढा उरलो. "आता पुरे, नाहीतर पाट होईल," सुतार म्हणाला. मुकादमाने मला पाहून विचारले, "हे कोणाला बसायला, मांजराला?" आणि मला चादरींच्या कोठीत टाकून दिले. दोन वर्षे मी तिथे धूळ खात पडलो.

एके दिवशी कोठीत एक बाई आल्या. रुग्णालयाने त्यांना नवीनच नेमले होते. त्यांचे काम औषध देण्याचे नव्हते. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, नाहीतर कोणताच धर्म न मानणारा असो, त्याच्याजवळ बसायचे, त्याचे ऐकायचे आणि त्याला हवी असेल तर त्याची प्रार्थना म्हणायची, हे त्यांचे काम. डॉक्टर उभ्याउभ्या बोलत, परिचारिका चालता चालता बोलत, नातेवाईक येरझाऱ्या घालत. बसत त्या एकट्या बाईच. म्हणून पुढे सगळे त्यांना 'बसत्या बाई' म्हणू लागले.

बाईंनी फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली, बसून पाहिले आणि म्हणाल्या, "हेच हवं. उंच बसलं की माणसाला उपदेश सुचतो."

तेव्हापासून मी त्यांच्या काखेतून वॉर्डावॉर्डात हिंडलो. एकदा एक निवृत्त शिक्षक त्यांना म्हणाले, "मी देव मानत नाही. तुमचा वेळ फुकट जाईल."

"बरं झालं, आज मला सुट्टी," असे म्हणून बाई बसल्या. शिक्षकांनी अर्धा तास शेजारणीच्या कोंबड्यांच्या कागाळ्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी तेच परिचारिकेला विचारत होते, "आज बाईंना उशीर का?"

कौतुक डोक्यात जाते, मित्रांनो. माझ्या गेले होते. बाईंच्याही थोडे गेले असावे.

त्याच सुमारास वॉर्डात एक ट्रकचालक आले. दांडगे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत. साखरेच्या आजाराने त्यांचा पाय सडत चालला होता. दोन दिवसांत गुडघ्याखाली पाय काढला तर मामा वाचतील, नाहीतर विष अंगभर पसरेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मामांनी मनाची तयारी केली होती, सही तेवढी राहिली होती. बाईंनी खाटेला लावलेल्या कागदावर त्यांचा धर्म वाचला. मामांना बरे वाटावे म्हणून त्या धर्माच्या धर्मगुरूंनाच घेऊन आल्या. मामांना मात्र विचारले नाही.

ग्रंथ हातात घेतलेले धर्मगुरू दारात दिसताच मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

"असं होय," ते उशाशी उभ्या असलेल्या बायकोला, मामींना, म्हणाले. "डॉक्टर खोटं बोलले. माझं संपलंय, म्हणून यांना बोलावलंय. मग पाय तरी कशाला कापून घेऊ? जाईन तर दोन पायांनिशी जाईन." त्यांनी सहीचा कागद भिरकावला आणि भिंतीकडे तोंड फिरवले.

मामी बाईंना हळूच म्हणाल्या, "मनात तुमच्या चांगलंच होतं. पण भलतंच करून बसलात."

धर्मगुरूंना पोहोचवून बाई परत आल्या. या वेळी त्यांनी मला खाली ठेवले नाही. हातात धरूनच त्या उभ्या राहिल्या. "मामा, डॉक्टर खरंच बोलले. चूक माझी आहे. मी कागद वाचला, तुम्हाला विचारलं नाही."

बाई उभ्याच राहिल्या. जेवणाची गाडी आली आणि गेली. त्या मला या हातातून त्या हातात घेत राहिल्या. शेवटी भिंतीकडूनच आवाज आला, "शाळेत शिक्षा झाल्यासारख्या किती वेळ उभ्या राहणार? बसा."

बाई बसल्या. "आता विचारते. तुम्हाला काय हवंय?"

मामा म्हणाले, "प्रार्थनाबिर्थना मला येत नाही. तीस वर्षं गाडी काढण्याआधी एकच केलं. लोखंडी दांडकं घेऊन गाडीभोवती फिरायचं आणि एकेक टायर ठोकून बघायचा. आवाज टणक आला की 'चल' म्हणायचं. न ठोकता कधी निघालो नाही. आणि उद्या हे मला आडवं घालून ढकलत नेणार."

"मग उद्याही न ठोकता निघायचं नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी मान वळवली. "डॉक्टर हसतील."

"हसू देत. हसून झाल्यावर थांबतील."

मामांनी मामींकडे हात पुढे केला. "तो कागद कुठे पडला बघ."

सकाळी ढकलगाडी आली. मामा तिच्यावर आडवे झाले. मामींनी स्टीलचा मोठा चमचा घेतला आणि वाकून एकेक चाक ठोकले. मामा डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या चाकाला म्हणाले, "पुन्हा ठोक. हे खुळखुळतंय." वॉर्डातल्या कामगाराने वाकून पाहिले, तर स्क्रू खरोखरच सैल होता. त्याने तो आवळला. डॉक्टर दारात उभे होते, पण हसले नाहीत. चौथे चाक वाजले.

"चल," मामा म्हणाले.

पाय गेला, मामा राहिले. दोन आठवड्यांनी शेजारच्या खाटेवरच्या घाबरलेल्या माणसाशी बोलायला ते कुबड्या घेऊन आले आणि धपकन माझ्यावर बसले. माझी फळी उभी चिरली. त्याचे मला काही वाटले नाही. सुताराने ठोकलेली लोखंडी पट्टी मी आजही मिरवतो.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या जागी आलेले भाऊ मला रोज नेतात, पण कधी कधी कोणी माझ्यावर ओली बादली ठेवते. मित्रांनो, तेवढे करू नका, लाकूड कुजते. आणि तुमच्या घरी कोणी आजारी पडले, तर त्याच्या भल्याचे आपणच ठरवून मोकळे होऊ नका. त्यालाच विचारा आणि थांबा. भिंतीकडे तोंड करून दिलेले उत्तरही उत्तरच असते. मात्र ते ऐकू येण्याइतके आपल्याला जवळ असावे लागते.