जानराव मास्तरांची नाडी

जानराव मास्तरांचं पोट त्यांच्या आधी वर्गात येतं, असं आसेगावात दुसरं कोणी म्हणत नसे. ते स्वतःच म्हणत. दुसऱ्यानं म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकलं की माणूस सुटतो, हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं. "घ्या, पोट आलं. मास्तर मागून येऊन राह्यले," असं म्हणत ते दारातून शिरायचे आणि सातवीची पोरं खो खो हसायची.

नेमकं अशा माणसाच्या गळ्यात त्या वर्षी पोरांच्या काळजाचं काम पडलं. अकोल्याहून हुकूम आला. सातवीच्या मुलामुलींना रोज सकाळी पळवावं, पळून आल्यावर त्यांची नाडी मोजावी, थोडं बसवून पुन्हा मोजावी. ज्याची नाडी लवकर खाली येते त्याचं काळीज मजबूत. शिवाय तेलकट कमी खा, विडीला शिवू नका, हेही घरोघर जाऊन सांगायचं. मास्तरांनी हुकूम वाचला तेव्हा त्यांच्या एका हातात विडी होती आणि पुढ्यात भज्यांचा कागद. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," ते स्वतःशीच म्हणाले आणि उरलेलं भजं तोंडात टाकलं.

बरं, पोरं तरी कशी! मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस काढलेली, शिवारातून नाहीतर तांड्यावरून चालत येणारी, अंगावर नुसती हाडं. त्यांना काय सांगायचं, तर म्हणे तेलतूप कमी खा! सगळ्या शाळेत तेल होतं कुठं, तर एकट्या मास्तरांच्या अंगात.

पण सरकारी हुकूम तो. मास्तर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, शिटी वाजवू लागले आणि सासऱ्यानं लग्नात दिलेल्या घड्याळावर नाड्या मोजू लागले. पोरांना तर खेळच मिळाला. मनगटावर तीन बोटं ठेवून त्यांनी आई मोजली, आजी मोजली, शेळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. राहिलं फक्त मास्तरांचं मनगट. त्यांची मुलगी वच्छला त्याच वर्गात होती. ती मागंच लागली, "बाबा, तुमची पाह्यची राह्यली."

"माही? अवं, एवढ्या चरबीतून नाडी हाती लागाले इहीर खंदा लागते!"

पोरं हसली आणि विषय तिथंच मिटला. मास्तरांना तेच हवं होतं. त्यांचा बाप भरल्या खळ्यात छातीवर हात ठेवून खाली बसला होता, तो पुन्हा उठला नव्हता. बापाचं तेव्हा जे वय होतं, तेच आता मास्तरांना लागलं होतं. अलीकडं पांदणीचा चढ चढताना छातीत काहीतरी फडफडायचं. ते त्यांनी घरात बायकोला, दुर्गाबाईलाही सांगितलं नव्हतं. पाहिलंच नाही तर नाहीच, असा हा सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा हिशोब. आपण किती मोठे गाढव आहोत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण ठाऊक असून गाढव कधी घोडा झालंय का?

तेवढ्यात तांड्यावरचा गोपीचंद मध्ये पडला. गोपीचंद म्हणजे शंकरपटाचा शौकीन. बैलांच्या शर्यतीत त्याची जोडी नेहमी पुढं. त्याचा लखीराम सातवीत होता. शिटी, घड्याळ आणि धूळ उडवत पळणारी पोरं पाहून गोपीचंदानं आपल्या परीनं अर्थ लावला, की मास्तरानं पोरांचा पट मांडला. पटाच्या बैलाला जसं जपतात तसं त्यानं लखीरामला जपायला घेतलं. गवत कापणं बंद, पाणी भरणं बंद. सकाळी तूप-गूळ, संध्याकाळी अंगाला तेल. ते पाहून बाकीचेही इरेला पेटले. ज्या घरात सणालाच तूप दिसायचं, तिथं पोराच्या भाकरीवर धार पडू लागली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तूप कमी करायला आपण निघालो आणि गावाला तूप पाजून बसलो! वरून कोणी तपासायला आलं तर काय तोंड दाखवायचं? पण पोरांच्या गालांवर जरा मांस धरू लागलं होतं. मास्तरांनी कोणाला अडवलं नाही. आयुष्यात आपण केलेलं पहिलं चांगलं काम चुकूनच झालं, असं ते दुर्गाबाईला म्हणाले.

एका शनिवारी तर ही शर्यत पाहायला मैदानाभोवती सगळा गाव लोटला. हलगी वाजू लागली. लखीराम पहिला आला. गोपीचंदानं त्याच्या कपाळाला गुलाल फासला आणि मग तो खुर्चीकडं वळला.

"मास्तर, पटात जोडी हाकणारा धुरकरी बी जोडीसंगं धावते. तुमी खुर्चीत कायले बसून राह्यले?"

"अरे, हा बैल शेलूबाजारात फुकट देला तरी कोणी नेणार नाई!"

लोक हसले, पण सोडेनात. "धावा मास्तर, धावा!" हलगीचा जोर वाढला. मास्तरांनी धोतराचा काचा मारला आणि निघाले. दोन्ही बाजूंनी पोरं ओरडत धावू लागली. मैदानाच्या टोकाच्या चिंचेपर्यंत ते कसेबसे पोचले, आणि छातीत ते फडफडणं सुरू झालं. डोळ्यांपुढं अंधारी आली. मास्तरांनी मातीतच बैठक मारली.

"थांबा रे!" लोक जवळ येण्याआधीच ते ओरडले. "बैल बसला! बैल हाकाची तुतारी आणा कोणी, टोचा त्याले!"

हशा पिकला. गोपीचंद तर पोट धरून हसला. तेवढ्या गर्दीतून वच्छला पुढं आली, बापापाशी बसली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. मास्तरांनी हात ओढून घ्यायला पाहिलं. तिनं तो सोडला नाही.

"अवं, काय शोधून राह्यली? आतमधी नुसते भजे भेटतीन तुले!"

"बाबा, हासवू नका. तुमी हासले का हात हालते." तिनं बोटं पुन्हा नीट ठेवली आणि बापाच्याच मनगटावरच्या घड्याळाकडं पाहत राहिली. मग मोजता मोजता तिचे ओठ थांबले. "हे मधातच अटकते, बाबा. अटकते अन् मंग धावते."

मास्तरांच्या जिभेवर आणखी एक गंमत तयार होती. चांगली होती, गोपीचंदानं मांडीवर थाप मारली असती. पण त्यांनी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती तिथंच गिळली.

"वच्छे," ते हळूच म्हणाले, "मले लई भेव वाटते वं. लई दिसापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

भोवती लोक अजून हसतच होते.

"उद्या वाशिमच्या दवाखान्यात जाऊ. मी येतो तुमच्यासंगं," वच्छला म्हणाली. "आता बोलू नका. मले मोजू द्या."

आणि जानराव मास्तर तिच्या हातात हात देऊन गुमान बसले.