पेशींचा रविवार

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या निरोगी वसाहतीची कड स्वच्छ दिसते, कात्रीने कापल्यासारखी. या वसाहतीची तर फारच सुरेख होती. मंजिरीने ती पुन्हा पाहिली आणि मान वर केली.

"माझे पोट्टे जेवले का नाही, ताई?" दाराबाहेरच्या स्टुलावरून सुशीलने विचारलं.

रविवारी प्रयोगशाळेत कोणी नसे. पण पेशींना रविवार नसतो. त्यांचं गुलाबी पोषकद्रव रोज बदलावं लागतं. म्हणून पंडरी बाजारातलं त्याचं दुकान बंद असलं की धाकटा भाऊ तिला स्कूटरवर घेऊन येई. पेशी त्याच्याच होत्या, म्हणून तो त्यांना आपले पोट्टे म्हणे. त्याला लहानपणापासून सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याच्या रक्तापासून तिने मूळपेशी केल्या होत्या, शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतील अशा. त्यांच्यातला दोष दुरुस्त करून निरोगी रक्त बनतं का, हे तिला पाहायचं होतं. कितीतरी वसाहती मध्येच भरकटून भलत्याच पेशी होऊन बसल्या. त्या ती खरवडून टाकी आणि सगळ्यात जोमाने वाढणारी वसाहत पुढे नेई.

तिथंच चुकलं. तपासणीत कळलं, या पेशींत गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा आहे. म्हणूनच त्या भराभर वाढत होत्या. अशा पेशी पुढे कर्करोगाकडे वळू शकतात. गोठवून ठेवलेल्या जुन्या पेशी वितळवताना मेल्या होत्या. तरी ती रोज येऊन यांना जेवू घालत राहिली, कारण नव्याने सुरुवात म्हणजे पुन्हा सुई. आणि सुशीलची शीर आता लवकर सापडत नाही. मागच्या वेळी हात चोळत तो म्हणाला होता, "बस ताई, आता नाही."

"सांग ना, जेवले का?"

"लय वाढले तुझे पोट्टे."

"मंग! घरात कोणी तरी धडधाकट निघालं." तो हसला. "आईनं तांदळाचे फरे दिले आहेत. बाहेर ये, खाय. त्यांनाच चारत बसते रोज."

डबा उघडताना त्याची बाही वर सरकली. कोपराच्या आत सुयांचे काळपट डाग होते. मंजिरीने हातातली गुलाबी द्रवाची बाटली परत ठेवली आणि खालच्या कप्प्यातून ब्लीच काढलं.

"ते तर फरशीचं आहे ना, ताई?"

"हव." तिने झाकण फिरवलं. "सुशील, या पेशी बिघडल्या. आज मी यायले मारून टाकते. आन् मले तुझं रक्त पुन्हा पाहिजे."