उष्ट्या शिट्ट्यांचं कपाट

आता माणसाला नाद कशाचा असावा? कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा. बस डेपोतल्या कंट्रोलरसाहेबांना शिट्ट्यांचा होता. बरं, नव्याकोऱ्या तरी घ्याव्यात की नाही? छे! त्यांना हव्या असायच्या लोकांनी वाजवून वाजवून झिजवलेल्या. बायको म्हणायची, "जगाचं उष्टं आणून माझ्या कपाटात भरतात."

कपाटात चारशे अकरा नग होते. कंडक्टरांच्या शिट्ट्या, वॉचमनच्या, फुगेवाल्याची पिपाणी, एका बँडवाल्याची वीतभर बासरी. नियम एकच. वाजवणाऱ्याचं काम संपलं, की त्यानं आपल्या हातानं द्यायची. विकत घेतलेली एकही नाही, हे साहेब पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगत. कुणी रिटायर होणार अशी कुणकुण लागली, की हे दोन महिने आधीपासून त्याच्या मागे. एकदा अंगात ताप असताना तीन बस बदलून एका रेल्वे गार्डाच्या घरी गेले आणि त्याची पितळी शिट्टी घेऊनच परतले. लाजबिज काही नाही. छाती फुगवून सांगायचे.

पण त्यांचा सगळा जीव अडकला होता एकाच शिट्टीत, आणि ती होती लेकीच्या गळ्यात. लेक फुटबॉलची रेफरी, भल्याभल्यांना लाल कार्ड दाखवून बाहेर घालवणारी. टीव्हीवर तिची मॅच लागली की साहेब बॉलकडे बघतच नसत. शिट्टी ऐकू आली की मांडीवर थाप मारत, "ऐकलंस? काय दम आहे पोरीत!" दहा वर्षं तिला विचारून झालं होतं, "तुझी कधी देणार?" ती म्हणायची, "बाबा, मला आधी वाजवू तर द्या!"

मग तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चार महिने घरात काढले. रेफरींना पळण्याची परीक्षा द्यावी लागते, त्यात ती नापास झाली. दुसरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. एका रविवारी दुपारी ती माहेरी आली आणि शिट्टी टेबलावर ठेवली.

"घ्या. झालं माझं. परीक्षेला जात नाही मी."

साहेबांचा हात आपसूक पुढे गेला. खोटं कशाला बोला, आधी त्यांना आनंदच झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. सवयीनं त्यांनी शिट्टी कानाशी धरून हलवली. पडून राहिलेल्या शिट्टीतली बुचाची गोळी वाळते, हलवली की खडखडते. ही खडखडलीच नाही. ओली होऊन आत चिकटली होती.

"आज वाजवलीस?"

लेकीनं नुसती मान हलवली.

"अगं, तोंडानं सांग."

"सकाळी मैदानावर गेले होते. दहा फेऱ्या मारायच्या होत्या, तीनच झाल्या. प्रत्येक फेरीला वाजवली. मग बसले तिथेच रडत."

"त्या गुडघ्यानं तीन?" साहेबांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. "तीन मारल्यास?"

त्यांनी शिट्टी तिच्यापुढे सरकवली. "ही मी घेत नाही."

शिट्टीला नाही म्हणण्याची त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. बायको हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दहा वर्षं पिच्छा पुरवलात!" लेक भडकली. "आता देतेय तर नखरे?"

"पुरवला. हावरटच आहे मी. म्हणून तर मला पुरती वाजलेली शिट्टी हवी. ही अजून बाकी आहे."

"आणि पुन्हा नापास झाले तर?"

"तर हो नापास. पण पळून नापास हो. मग रडत आण, हसत आण, मी दोन्ही हातांनी घेईन."

तिनं शिट्टी उचलून गळ्यात घातली आणि डोळे पुसले.

"उद्या सहाला मैदानावर या, फेऱ्या मोजायला. माया आली म्हणून चाराच्या पाच करायच्या नाहीत."

"तीस वर्षं एका बसला मिनिटाची सूट दिली नाही मी. तुला देईन?"

कठडा धरून, लंगडत ती जिना उतरली. साहेब खिडकीत ताठ उभे होते, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

"चांगली घरात चालून आली होती," बायको म्हणाली.

"येईल की. अजून दहा वर्षांनी."

"तोवर जगायला लागेल."

"जगतो ना," साहेब म्हणाले. "अशी लेक असल्यावर न जगायला काय झालं?"