पुडीपुरतं रेशीम

“तुझा धागा तोंडातून येतो की मागून? खरं सांग, पैज लागलीय माझी.”

मित्रांनो, शिंप्याच्या मुलीने मला हे विचारलं तेव्हा तिच्या दोन मैत्रिणी दारात तोंड दाबून हसत होत्या. जा, कोळ्यालाच विचारून ये, असं त्यांनीच तिला डिवचलं होतं. मी शिलाईच्या खोलीतल्या खिडकीत राहणारी, आता म्हातारी झालेली कोळी मादी आहे. तिला सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगते.

धागा मागून येतो. माझ्या पोटात रेशमाच्या ग्रंथी आहेत, पण तिथे धागा नसतोच मुळी, नुसता पातळ रस असतो. पोटाच्या टोकाला बोटांसारखी इवलीशी बोंडं आहेत आणि त्यांच्यावर केसाहून बारीक नळ्या. मागच्या पायाने रस बाहेर ओढायचा. ओढता ओढताच तो घट्ट होऊन धागा बनतो. एका ग्रंथीचा धागा लोंबकळायला, एकीचा माशी गुंडाळायला, एकीचा फक्त अंड्यांच्या पुडीला. इतक्या तऱ्हेची रिळं शिंप्याकडेही नाहीत.

तरुणपणी मी रोज नवं जाळं विणायची. जुनं खाऊन टाकायची, म्हणजे त्याचंच पुन्हा रेशीम व्हायचं. शिंपी म्हणायचा, “बघ, हिचं माप कधी चुकत नाही.”

“मग तिलाच बसव मशीनवर,” काजं करता करता त्याची बायको म्हणायची. “गिऱ्हाईक वर बघतं आणि मला आळशी समजतं.”

मग दर आठवड्याला झाडू. जाळं झाडूबरोबर गेलं की माझ्या तोंडी काही उरायचं नाही. रेशीम कमी कमी होत गेलं. उरलेलं मी पुडीसाठी राखून ठेवलं होतं.

पैजेच्या दिवशी मुलीने मला पट्टीखाली अलगद दाबलं, माझ्या मागचा धागा चिमटीत धरला आणि रिकाम्या रिळावर गुंडाळू लागली.

“मागूनच येतोय गं. हरलात तुम्ही.”

“अजून ओढ, संपतोय का बघू.”

ती ओढत राहिली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ग्रंथी कितीही असल्या तरी पोट एकच असतं. तिने सोडलं तेव्हा मी कशीबशी सरपटत खिडकीच्या कोपऱ्यात गेले.

दोन दिवसांनी मी अंडी घातली. पुडी इतकी विरळ झाली की आतली पिवळी अंडी बाहेरून मोजता यावीत. दुसरी पुडी माझ्याच्याने होणार नाही. पिल्लं बघायलाही मी नसेन. आमच्यात आई तेवढं जगत नाही. मित्रांनो, कुणाचा धागा ओढून बघायचा असेल, तर तो कुणासाठी राखलेला आहे ते आधी पाहा.

आज मुलगी स्टुलावर चढली आणि विरळ पुडीतून दिसणारी अंडी मोजू लागली.

“खाली उतर,” आई झाडू घेऊन आली. “उद्या रंगारी येतोय.”

मशीनवर बसलेल्या शिंप्यानेही वर पाहिलं. मुलगी उतरली नाही.

“आई, बाबा, ही खिडकी रंगवायची नाही. हिचं रेशीम मी संपवलंय. पिल्लं बाहेर पडेपर्यंत हा कोपरा मी सांभाळणार, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर माझं नाव सांगा.”